मोजले तरी तेच, न मोजले तरी तेच!

१८३७ सालच्या फेब्रुवारीची ८ तारीख. वॉशिंग्टन नगरीत अमेरिकेच्या संसदेची दोन्ही सभागृहे एकत्र बसली होती. नव्या अध्यक्षाच्या निवडणुकीत राज्याराज्यांतून आलेली मते उघडून मोजावयाची, एवढेच त्या दिवसाचे काम. लखोटे फुटले, आकडे टिपले गेले, बेरजा झाल्या. आणि निकाल वाचला गेला तो असा : मिशिगनची मते धरली तर मार्टिन व्हॅन ब्यूरेन ह्यांस १७० मते, न धरली तर १६७. धरली काय आणि न धरली काय, व्हॅन ब्यूरेन हेच अध्यक्ष निवडून आले आहेत!

हे वाक्य वाचकांनी पुन्हा एकदा वाचावे, अशी आमची विनंती आहे. मिशिगनचे हजारो नागरिक नोव्हेंबरच्या थंडीत मतदानास गेले. अमेरिकेच्या पद्धतीप्रमाणे त्यांनी आपले तीन निर्वाचक निवडले. त्या निर्वाचकांनी डिसेंबरात विधिपूर्वक मते दिली आणि ती मते शेकडो मैलांचा प्रवास करून राजधानीस पोहोचली. तेथे त्या मतांचा स्वीकार झाला नाही आणि अव्हेरही झाला नाही. पंक्तीस बोलावलेल्या पाहुण्याच्या पानावर वाढावयाचे नाही, त्याला उठवावयाचेही नाही. यजमानाने मात्र उभे राहून जाहीर करावयाचे की, हे गृहस्थ जेवले काय आणि उपाशी राहिले काय, स्वयंपाकास तोटा नाही! मिशिगनच्या जनतेचा त्या दिवशी झालेला सन्मान तो हा.

ह्या युक्तीस व्यवहारचातुर्य म्हणणारे पुष्कळ आहेत. निकाल बदलत नव्हता, मग वाद हवा कशाला, असे ते विचारतात. प्रश्न वरवर बिनतोड आहे. पण आमचे म्हणणे स्पष्ट आहे : जे मत निकालास धक्का लावीत नाही तोवरच सहन केले जाते, ते मत हा हक्क उरत नाही, ती मेहेरबानी होते, आणि मेहेरबानी ज्याने करावयाची तो ती केव्हाही मागे घेऊ शकतो. मिशिगनचे उदाहरण घेण्याचे कारण असे की, तेथे मताची ही विटंबना एकटी आली नाही. तिच्या आधी एका सरहद्दीची विटंबना झाली होती, आणि दोन्हींचा कर्ता एकच होता.

गोष्टीचा आरंभ १३ जुलै १७८७ रोजी होतो. ओहायो नदीच्या वायव्येस पसरलेल्या अफाट मुलखाचा कारभार कसा चालावा, ह्यासाठी त्या दिवशी अमेरिकेच्या तत्कालीन संसदेने एक अध्यादेश संमत केला. त्याने दोन गोष्टी लिहून दिल्या. पहिली अशी की, ह्या मुलखात तीन ते पाच राज्ये होतील, आणि उत्तरेकडे एक किंवा दोन राज्ये करावयाची झाल्यास त्यांची दक्षिण सीमा मिशिगन सरोवराच्या अगदी दक्षिण टोकातून पूर्व-पश्चिम काढलेली रेषा ही असेल. दुसरी अशी की, एखाद्या भागात ६० हजार स्वतंत्र रहिवासी झाले म्हणजे त्याला घटना करण्याचा आणि मूळच्या राज्यांच्या बरोबरीने संघात येण्याचा अधिकार राहील. ही कलमे म्हणजे मूळची राज्ये आणि नव्या मुलखातील लोक ह्यांच्यामधील करार असून उभयतांच्या संमतीवाचून ती कधीही बदलली जाणार नाहीत, असेही त्याच दस्तऐवजात लिहिले होते. शब्द मोठे होते. ते पाळले किती, हे आता पाहावयाचे.

प्रथम इतिहासाने नव्हे, भूगोलाने घोटाळा केला. त्या काळी हाती असलेल्या नकाशांत मिशिगन सरोवराचे दक्षिण टोक प्रत्यक्षाहून बरेच उत्तरेस दाखविलेले होते. त्या नकाशांवर भरवसा ठेवून ओहायोवाले समजत होते की, रेषा पूर्वेकडे नेली तर ती ईरी सरोवरास मॉमी नदीच्या मुखाच्या बरीच वर जाऊन मिळेल आणि ते मुख आपल्याकडे राहील. १८०२ साली त्यांची घटनासमिती बसली असताना सरोवराचे टोक फार खाली आहे, अशी कुणकुण लागली. समितीने लागलीच घटनेत एक पुरवणी जोडली : रेषा तशी खाली आल्यास आमची सीमा तिरपी वर नेऊन मॉमीच्या उपसागराच्या उत्तर भूशिरास भिडवावी. १८०३ साली ओहायोस राज्य म्हणून मान्यता देताना संसदेने ह्या पुरवणीविषयी स्पष्ट हो म्हटले नाही आणि नाहीही म्हटले नाही. १८०५ साली मिशिगन हा निराळा प्रदेश केला तेव्हा मात्र त्याच संसदेने मूळचीच रेषा त्याची सीमा म्हणून लिहिली. एकाच घराची दोन खरेदीखते दोन गिऱ्हाइकांच्या हाती द्यावी, तसा हा प्रकार झाला.

पुढे मोजणीदार आले. १८१७ साली हॅरिस ह्यांनी ओहायोच्या म्हणण्याप्रमाणे रेषा आखली. १८१८ साली फुल्टन ह्यांनी अध्यादेशाप्रमाणे आखली. ह्या दोन रेषांच्या मध्ये जो लांबट पट्टा सापडला तो पश्चिमेस पाच आणि पूर्वेस आठ मैल रुंदीचा, सुमारे ४६८ चौरस मैलांचा. त्याच्या पूर्व टोकाशी मॉमीचे मुख आणि तेथे वसू लागलेले टोलेडो. १८२५ साली ईरीचा कालवा वाहता झाला, सरोवरांचा माल थेट न्यूयॉर्कास जाऊ लागला, आणि दलदलीच्या ह्या पट्ट्याचे एकाएकी बंदर झाले. ओहायोच्या कालव्यांचे तोंड येथेच उघडावयाचे होते. जमिनीचे मोल वाढले म्हणजे तत्त्वांचे मोल कसे उतरते, ह्याचे उदाहरण शोधण्यास ह्यापुढे जावयास नको.

१८३४ साली मिशिगनने आपली खानेसुमारी स्वतःच केली. ८५ हजारांहून अधिक माणसे भरली. अध्यादेशाला हवी होती ६० हजार. संसदेकडे राज्य होण्याची परवानगी मागितली असता ओहायोच्या प्रतिनिधींनी ती वाट अडवून धरली : आधी पट्टा सोडा, मग राज्य मागा. मिशिगनने मग अध्यादेशाचेच बोट धरले. १८३५ च्या मे-जूनमध्ये डेट्रॉइट येथे घटनासमिती बसली, ऑक्टोबरात जनतेने घटना मंजूर केली, चोविसाव्या वर्षात असलेल्या स्टीव्हन्स मेसन ह्यांस राज्यपाल निवडले, विधिमंडळ भरले, सिनेटसाठी दोन सदस्य निवडून वॉशिंग्टनला धाडले. मिशिगनच्या राजमुद्रेवर आजही साल कोरलेले आहे ते १८३५ चे. त्या जनतेच्या लेखी ती त्या वर्षीच राज्य झाली. वॉशिंग्टनमध्ये त्यांच्या सिनेटरांस प्रेक्षकांसारखे बसण्याची तेवढी मुभा मिळाली.

दरम्यान पट्ट्यावर दोन्हीकडचे शिबंदी-सैनिक जमले. ह्यास 'टोलेडोचे युद्ध' म्हणतात. पण त्यात कोणी मेले नाही. मोजणीदारांना पळविले, काहींना पकडले, एका शेरीफाच्या दुय्यमास चाकूची जखम झाली, आणि ओहायोच्या न्यायाधीशांनी मध्यरात्री टोलेडोत गुपचूप कोर्ट भरवून आपला अंमल सिद्ध केल्याचे समाधान मिळविले. मिशिगनकडूनही अतिरेक झाला. ओहायोच्या हुकमाने पट्ट्यात अधिकार चालविणाऱ्यास जबर दंड आणि पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी ठोठावणारा कायदा मेसन ह्यांच्याच प्रेरणेने झाला होता. तरुण रक्ताची ती घाई होती, आणि तिचे समर्थन आम्ही करीत नाही.

पण न्याय कोणत्या बाजूस होता? अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन ह्यांनी हा प्रश्न आपले महान्यायवादी बेंजामिन बटलर ह्यांस विचारला, आणि त्यांनी उत्तर दिले की, संसद निराळे ठरवीपर्यंत पट्टा मिशिगनचाच आहे. माजी अध्यक्ष जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स त्या वेळी प्रतिनिधिगृहात होते. सारा न्याय एका बाजूस आणि सारे बळ दुसऱ्या बाजूस, असा इतका उघड तंटा आपण जन्मात पाहिला नाही, अशा आशयाचे उद्गार त्यांनी काढले. ते बळ कसले, हे आता सांगतो. १८३६ ची अध्यक्षीय निवडणूक तोंडावर आली होती. ओहायोची निर्वाचक मते २१, इंडियानाची ९, इलिनॉयची ५, एकूण ३५. इंडियाना आणि इलिनॉय ह्यांचा संबंध काय? संबंध असा की, १८१६ साली इंडियानाची सीमा त्याच रेषेच्या दहा मैल वर नेलेली होती, आणि १८१८ साली इलिनॉयची तर त्याहूनही किती तरी वर. आजचे शिकागो त्या वर नेलेल्या भागातच आहे. मिशिगनची रेषा खरी ठरती तर ह्या दोघांच्याही उंबऱ्याखालची माती हलती. म्हणून तिघे एक झाले. एका पारड्यात ३५ मते, आणि दुसऱ्यात मताचा अधिकारही नसलेला प्रदेश! बळी तो कान पिळी, ही म्हण आपली. पण तिला समुद्राची आडकाठी नाही. ऑगस्ट १८३५ मध्ये जॅक्सन ह्यांनी मेसन ह्यांस प्रादेशिक कारभारावरून दूर केले. ऑक्टोबरात जनतेने त्यांसच राज्यपाल निवडून ह्या हुकमास उत्तर दिले.

१५ जून १८३६ रोजी दोन कायदे झाले. एकाने आर्कन्सॉ हे राज्य झाले; ते गुलामगिरीचे राज्य होते आणि त्यास कोणी अट घातली नाही. दुसऱ्याने मिशिगनला सांगितले की, टोलेडोचा पट्टा सोडल्याची संमती लोकांनी निवडलेल्या खास अधिवेशनाकडून आणा, म्हणजे तुम्ही राज्य. पट्ट्याच्या बदल्यात सरोवरापलीकडील उत्तर द्वीपकल्पाचा पश्चिम भाग देऊ केला. गुलामगिरीचे एक आणि मुक्त असे एक राज्य जोडीने घ्यावयाचे, हा त्या काळचा तोल होता. त्या तोलात आर्कन्सॉ सन्मानाने आत आले आणि मिशिगन दारात उभे राहिले. बरोबरीचा हक्क ज्याला लिहून दिला होता, त्याच्याच गळ्यात अट बांधली गेली.

सप्टेंबर १८३६ मध्ये ॲन आर्बर येथे लोकनियुक्त अधिवेशन भरले. संसदेला जसे हवे होते तसेच ते निवडलेले होते. त्याने अट २८ विरुद्ध २१ मतांनी फेटाळली.

येथून पुढे जे झाले त्याची तारीखवार नोंद वाचकांनी ध्यानात ठेवावी. नोव्हेंबरात मिशिगनच्या मतदारांनी अध्यक्षीय निवडणुकीत भाग घेतला आणि व्हॅन ब्यूरेन ह्यांच्या पक्षाचे तीन निर्वाचक निवडले. ज्या जॅक्सन ह्यांनी त्यांच्या राज्यपालास हाकलले, त्यांच्याच निवडलेल्या वारसास त्यांनी मते दिली, ही गोष्ट काहींना विचित्र वाटेल. आम्हांस ती त्या जनतेच्या संघनिष्ठेची साक्ष वाटते. पट्ट्यावरून भांडण असले तरी संघाबाहेर राहण्याची तिची इच्छा नव्हती. ७ डिसेंबर रोजी निर्वाचकांनी मते दिली. दुसरीकडे तिजोरी कोरडी पडत चालली होती. आणि संघाच्या खजिन्यातील शिल्लक १ जानेवारी १८३७ पासून राज्याराज्यांत वाटावयाची, असा कायदा झालेला होता. वाटा मिळावयाचा तो राज्यांस, उंबऱ्यावर तिष्ठणाऱ्यांस नव्हे. म्हणून १४ डिसेंबर रोजी त्याच ॲन आर्बरमध्ये दुसरे अधिवेशन भरले. हे विधिमंडळाने बोलावले नव्हते. सत्तारूढ डेमोक्रॅटिक पक्षाच्या मंडळींनी परस्पर पुकारले होते. व्हिग पक्षाने त्यावर बहिष्कार टाकला. कडाक्याच्या थंडीवरून लोकांनी त्याचे नाव 'हिमदंशाचे अधिवेशन' असे पाडले. त्याने संमती दिली.

संसदेत जॉन कॅलहून ह्यांनी विचारले की, कोणत्याही कायद्याने न बोलावलेल्या मेळाव्याची संमती ही राज्याची संमती कशी? प्रश्न रास्त होता. उत्तर मात्र बहुमताने दिले गेले. जे अधिवेशन कायदेशीर होते त्याचा नकार निरुपयोगी ठरला, आणि जे बेकायदेशीर होते त्याचा होकार पवित्र ठरला! २६ जानेवारी १८३७ रोजी मिशिगन हे २६ वे राज्य झाले. आपल्या प्रजासत्ताकाचा दिवस तोच, हा केवळ योगायोग. पण ही तारीख वाचताच आपल्या वाचकांच्या मनात जी भावना उभी राहते, ती मिशिगनच्या नागरिकाच्या वाट्यास निर्मळपणे आली नसावी, असे आम्हांस वाटते.

आणि त्यानंतर बरोबर तेरा दिवसांनी, मिशिगनचे सिनेटर सभागृहात रीतसर बसलेले असताना, त्यांच्या राज्याच्या मतांविषयी 'धरली तर' आणि 'न धरली तर' हे शब्द उच्चारले गेले.

ह्या पद्धतीचे समर्थक दोन आधार देतात. पहिला कायद्याचा. ७ डिसेंबर रोजी मिशिगन हे संघातील राज्य नव्हते, मग त्याची मते वैध कशी, असे ते म्हणतात. ठीक आहे, मग ती अवैध ठरवावयास हवी होती! पण त्यांस तसे म्हणवले नाही, कारण पूर्वीचा कागद आड येत होता. १८१६ साली इंडियानाच्या निर्वाचकांनी ४ डिसेंबर रोजी मते दिली आणि ते राज्य संघात आले ११ डिसेंबर रोजी. १८१७ च्या मोजणीत न्यूयॉर्कचे जॉन टेलर ह्यांनी नेमका हाच आक्षेप घेतला. दोन्ही गृहांत चर्चा झाली, आक्षेप बाजूस ठेवला गेला आणि इंडियानाची तिन्ही मते मोजली गेली. मत देताना राज्य नसणे आणि मोजताना राज्य असणे, ही स्थिती दोघांचीही एकच. एकाची मते मोजली, दुसऱ्याची लटकत ठेवली. ह्यात कायदा कोठे आहे, हे आम्हांस कोणी दाखवावे.

दुसरा आधार मिसुरीच्या उदाहरणाचा. १८२१ साली मिसुरीची तीन मते अशीच 'धरली तर २३१, न धरली तर २२८' म्हणून जाहीर झाली आणि दोन्ही प्रकारे जेम्स मन्रो निवडून आले. पण मिसुरीची अडचण निराळी होती. मोजणीच्या दिवशीही ते संघात आले नव्हते. त्याच्या घटनेत मुक्त कृष्णवर्णीयांस राज्यात येण्यास बंदी करणारे कलम होते आणि त्यावर न्याय्य तक्रार होती. त्याचा प्रवेश १० ऑगस्ट १८२१ रोजी पुरा झाला. मिशिगनविषयी मोजणीच्या दिवशी असा कोणताच प्रश्न शिल्लक नव्हता. मिसुरीसाठी शोधलेली पळवाट मिशिगनला लावणे म्हणजे एकाच्या रोगाचे औषध दुसऱ्याच्या घशात ओतणे होय.

आता ज्या मुद्द्यावर ह्या चातुर्याचे सारे वस्त्र फाटते, तो सांगतो. त्याच दिवशी उपाध्यक्षपदाचीही मते मोजली गेली. व्हॅन ब्यूरेन ह्यांचे जोडीदार रिचर्ड जॉन्सन. गुलामगिरीत जन्मलेल्या स्त्रीशी ह्या गृहस्थांनी उघडपणे संसार केला होता आणि दक्षिणेत त्यांच्याविषयी मोठा आकस होता. व्हर्जिनियाच्या २३ निर्वाचकांनी अध्यक्षपदासाठी व्हॅन ब्यूरेन ह्यांस मते दिली, पण जॉन्सन ह्यांस नाकारले. परिणाम असा झाला की, मिशिगन धरले तर एकूण मते २९४, बहुमत १४८, जॉन्सन ह्यांस १४७. मिशिगन वगळले तर एकूण २९१, बहुमत १४६, जॉन्सन ह्यांस १४४. दोन्ही हिशेबांनी ते अपुरेच. म्हणून निवड सिनेटकडे गेली आणि तेथे ते ३३ विरुद्ध १६ मतांनी निवडून आले.

आता वाचकांनीच बेरीज करून पाहावी. व्हर्जिनियाच्या २३ जणांपैकी एकाने, फक्त एकाने, जॉन्सन ह्यांस मत दिले असते तर काय झाले असते? मिशिगन धरून १४८, म्हणजे निवडून आले. मिशिगन वगळून १४५, म्हणजे पडले. 'धरले तरी तेच, न धरले तरी तेच' हा मंत्र त्या क्षणी निरुपयोगी झाला असता. मिशिगन हे राज्य आहे की नाही, ह्याचे उत्तर भर सभेत, निकाल हाती असताना, ज्याच्या त्याच्या पक्षाच्या सोयीप्रमाणे द्यावे लागले असते. ज्यास शहाणपण म्हणून गौरविले जाते, ते एका माणसाच्या लहरीवर तरले. पूल कोसळला नाही म्हणून तो पक्का होता, असे म्हणणाऱ्या कंत्राटदाराचे हे शहाणपण!

आणि पुढे पूर आला तेव्हा ह्या पुलाची परीक्षा झालीच. १८६९ साली जॉर्जियाची नऊ मते पुन्हा अशीच दोन प्रकारे वाचली गेली : विरोधी उमेदवार सेमूर ह्यांस ८० किंवा ७१. निकाल बदलत नव्हता म्हणून पुन्हा सर्व शांत. मग १८७६ आले. त्या वर्षीच्या १ ऑगस्टला कोलोरॅडो हे राज्य झाले आणि त्याच्या विधिमंडळाने, जनतेचे मतदान न घेता, तीन निर्वाचक स्वतःच नेमले. इतर राज्यांतील वादग्रस्त मतांचा निवाडा करण्यास १५ जणांचे मंडळ बसवावे लागले, त्याने आठ विरुद्ध सात असा पक्षनिहाय कौल दिला, आणि रदरफर्ड हेज हे १८५ विरुद्ध १८४ मतांनी अध्यक्ष झाले. कोलोरॅडोची तीन मते काढून घेतली तर हेज पराभूत होतात. नव्या राज्याची तीन मते मोजली काय आणि न मोजली काय, असे म्हणण्याची सोय त्या दिवशी कोणासही राहिली नाही! मोजणीचा कायदा झाला तो १८८७ साली. आणि तोही इतका गुंतागुंतीचा की, ६ जानेवारी २०२१ रोजी संसद-भवनावर जमाव चालून गेल्यानंतर २०२२ च्या अखेरीस तो पुन्हा दुरुस्त करावा लागला. जो प्रश्न शांततेच्या दिवसांत, तीन मतांच्या लहानशा प्रसंगी सोडविता आला असता, तो टाळल्याचे व्याज असे पिढ्यांनी भरले.

आणखी एक सांत्वन मिशिगनला नेहमी ऐकविले जाते. त्या उत्तर द्वीपकल्पात पुढे तांबे सापडले, लोखंड सापडले. पट्टा गेला पण घबाड मिळाले, मग रडता कशाला? हा युक्तिवाद आम्हांस सर्वांत अधिक संतापजनक वाटतो. ज्यांनी तो भूभाग गळ्यात मारला त्यांस तेथील खनिजांची माहिती नव्हती. ओसाड म्हणूनच तो देण्यात आला. दैवाने दिलेल्या दानाचे पुण्य अन्याय करणाऱ्याच्या खाती मांडावयाचे, हा कोणता हिशेब? शिवाय तो भूभाग तरी कोणाचा होता? त्याचा बराचसा पश्चिम भाग ओजिब्वे लोकांनी करारान्वये सोडला तो १८४२ साली. म्हणजे १८३६ साली संसदेने मिशिगनला जे देऊ केले, ते पुष्कळसे अजून तिने घेतलेलेही नव्हते!

येथे आम्ही मिशिगनवाल्यांनाही सोडणार नाही. कराराच्या पावित्र्याविषयी जे तळमळून बोलत होते, त्यांनी त्या भूमीच्या मूळ रहिवाशांस एका शब्दाने विचारले नाही. त्यांच्या घटनेने मताचा हक्क दिला तो गोऱ्या पुरुषांस. स्त्रियांस नाही, कृष्णवर्णीयांस नाही. आपले मत लटकत ठेवले म्हणून ज्यांस वेदना झाली, त्यांनी आपल्याच अंगणातील कित्येकांचे मत जन्मासच येऊ दिले नव्हते. पण म्हणून १८३७ चा अन्याय अन्याय राहत नाही काय? एक अन्याय दुसऱ्याची पावती होऊ शकत नाही. उलट, मोजदादीच्या तत्त्वात एकदा ढिलाई आली की ती वरून खालपर्यंत झिरपते, एवढेच त्यावरून शिकावयाचे.

टोलेडो ओहायोत गेले आणि तेथेच राहिले. १९१५ साली दोन्ही राज्यांनी मिळून रेषेवर दगड रोवले. सरोवराच्या पाण्यातील सीमेचा उरलेला वाद १९७३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ओहायोच्या बाजूने मिटविला. तो निकाल आता कोणास फिरवावयाचा नाही. दूर देशीची ही गोष्ट दूर देशीचीच आहे, आणि तिची मापे जशीच्या तशी येथे लावण्याचा आमचा हेतू नाही. पण सरहद्दीवर राहणाऱ्या वाचकास त्यातील एक गोष्ट आम्ही समजावून सांगण्याची गरज नाही : सीमेचा निवाडा जेव्हा कराराने न होता कोणाच्या पदरी किती मते आहेत ह्यावर होतो, तेव्हा ज्याचे मत अजून मोजलेच जात नाही, त्याचा मुलूख सर्वांत आधी जातो. मिशिगनचा पट्टा गेला, कारण १८३५ साली त्याच्याजवळ मत नव्हते. आणि १८३७ साली मत आले, तेव्हा ते मोजण्याची गरज कोणास वाटली नाही.

लोकशाहीत मोजणी ही कारकुनी नव्हे. 'तुम्ही आहात' असे राष्ट्राने नागरिकास सांगण्याची ती रीत आहे. तीन मते असोत की तीनशे. त्यांनी निकाल बदलो वा न बदलो. ती मोजावी, किंवा कारण देऊन उघडपणे नाकारावी. नाकारलेल्या मतास न्यायासनापुढे जाता येते, रस्त्यावर येता येते, पुढील निवडणुकीत जाब विचारता येतो. अधांतरी टांगलेल्या मतास ह्यातले काहीच करता येत नाही. त्याला पराभवाचा मानदेखील मिळत नाही.

मिशिगनची ती तीन मते आजही नोंदीत तशीच आहेत : धरली तर १७०, न धरली तर १६७. व्हॅन ब्यूरेन अध्यक्ष झाले, चार वर्षांनी गेले, आणि त्यांचा कारभार आज कितीजणांस आठवतो? ते दोन आकडे मात्र शेजारी शेजारी उभे आहेत, आणि त्यांच्यामधील तीनाचे अंतर भरून काढण्याचे धैर्य त्या भरल्या सभेत कोणासही झाले नाही.